धारूरचा घाट, दुसरा गिअर आणि गाडीतलं नवं सॉफ्टवेअर

मन्मथचा फोन आला तेव्हा मी गाडी पुसत होते आणि मनातल्या मनात कंपनीला शिव्या घालत होते.

मन्मथ माझा आतेभाऊ. बीड जिल्ह्यात, धारूरच्या घाटाखाली एका वस्तीवर राहतो, तेलगावात त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. (कपिलधारच्या मन्मथस्वामींमुळे आमच्या नात्यागोत्यात घरटी एक मन्मथ सापडतो. हा आमच्या घरचा.) माझी डिझेल सात-आसनी गाडी बघून त्यानेही तीच घेतली, रंगसुद्धा तोच. कंपनीने या तुकडीतल्या सगळ्या गाड्या बोलावून धुराच्या नियमांसाठी नवं सॉफ्टवेअर घालायचं ठरवलं. फुकट. मी उन्हाळ्यातच घालून घेतलं आणि तेव्हापासून मला वाटतंय, कुणीतरी माझी गाडी नेऊन तिची शांत बहीण आणून ठेवलीय. सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबला की आधी विचार करते, मग निघते. ॲव्हरेज थोडं पडलं. गाडी बंद केल्यावर पंखा बराच वेळ भणभणत राहतो, तो वेगळाच.

"ताई, मला बी मेसेज आलाय," मन्मथ म्हणाला. "महिनाअखेर टाका, न्हाईतर धुराच्या पार्टची वॉरंटी जाईल म्हणतेत. इकडं सगळे सांगतेत, टाकलं की गाडी घाटात बसती. टाकू का नको?"

या प्रश्नात गंमत नव्हती. मन्मथची गाडी म्हणजे त्या वस्तीची ॲम्ब्युलन्स. कुणाला साप चावो, कुणाच्या छातीत दुखो, कुणी बाळंतपणाला अडो, मन्मथ दुकानाचं शटर ओढतो आणि घाट चढून धारूरला, गरज पडली तर पुढे अंबाजोगाईला नेतो. एक रुपया घेत नाही. ही गाडी घाटात बसली तर काय होईल, हे मला फोनवर समजावायची गरज नव्हती.

"टाकच. कसं चालतं ते येऊनच दाखवते," मी म्हणाले. सीताफळांचे दिवस होते, हेही खरं.

पुण्याहून उजाडायच्या आत निघा. वाघोली आणि शिरूरची गर्दी एकदा गळ्यात पडली की अर्धा दिवस गेलाच. आम्ही दोघंच होतो, मी आणि नवरा अनिल. तो गाडी चालवत नाही, रस्ता दाखवतो आणि मध्येच झोपतो. अहिल्यानगरहून कड्याच्या रस्त्याला लागलं की बीड जिल्हा सुरू होतो, आष्टी ओलांडून जामखेडला पोचेपर्यंत संपतो आणि सौताड्याला परत सुरू होतो. नकाशा काढणाऱ्याला मध्येच शिंक आली असावी. रस्ता बहुतेक सुरेख आहे, काही ठिकाणी काम चालू आहे तिथे धूळ खा. डिझेल जामखेडला भरून घ्या.

सौताड्याला दरीच्या काठावर उभं राहिल्यावर माझी सगळी चिडचिड गळून गेली. विंचरणा नदी सपाट माळावरून आरामात येते आणि एकदम खाली उडी घेते. आम्ही गेलो तेव्हा पाणी बारीक झालं होतं, तरी खालच्या रामेश्वराच्या देवळापर्यंत हिरवंगार. मराठवाडा म्हणजे रखरखाट असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांनी दिवाळीच्या आसपास इथे एकदा यावं आणि गप्प बसावं.

पाटोद्याला बाजाराचा दिवस होता. भजी आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. शेजारच्या बाकावरच्या एका फेटेवाल्या आजोबांनी माझ्या हातातली किल्ली बघितली आणि अनिलला विचारलं, "बाईच चालविती का?" अनिल म्हणाला, "हो, मी नुसता भार." आजोबा मनापासून हसले आणि आमच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. मांजरसुंब्याहून वाट वाकडी करून कपिलधारला डोकं टेकवलं. धबधब्याचे तुषार अंगावर घेत पायऱ्यांवर बसलो आणि मग बीड, वडवणी, तेलगाव करत दिवेलागणीला वस्तीवर.

आत्याने भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. मी गाडी बंद केली होती तरी पंखा चालूच. आत्या दोनदा उठून बाहेर बघून आली. "आगं, गाडी चालू ठिवून जेवायला बसलीस का? जावईबापू, बंद करा की." बंदच आहे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा ठरली. पण परीक्षा सांगायच्या आधी धारूरच्या घाटाची एक रीत सांगते, कारण ती कुठल्याच नकाशात सापडत नाही. घाट फार लांब नाही, पण अरुंद आणि उभा. वरच्या टोकाजवळ एक वळण आहे, त्याला हे लोक घोड्याचं वळण म्हणतात. ते भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरवर चढायचं, पहिला टाकायचा नाही. टाकला तर वर गयाबाईच्या टपरीवर जेवढी माणसं बसली असतील, तेवढ्यांना चहा पाजायचा. खोटं बोलायची सोय नाही. टपरीवर बसलेली माणसं नुसत्या आवाजावरून ओळखतात की खाली कुणी गिअर पाडला. मन्मथने आजवर एकदाही पाजलेला नाही, आणि ही गोष्ट त्याने मला सकाळपासून तीनदा ऐकवली.

दोन्ही गाड्या सारख्या भरायच्या होत्या. वस्तीवरची माणसं हौसेने तयार झाली, कुणाला धारूरच्या बाजारात काम होतं, कुणाला नुसतीच मजा बघायची होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली सुवर्णा आणि तिची आई दवाखान्यात तपासणीला निघाल्या होत्या, त्या माझ्या गाडीत बसल्या. टपावर सीताफळांचे क्रेट. आत्याही माझ्याकडेच आली, कारण तिला गाडी खरंच बंद होते का ते बघायचं होतं.

आरणवाडीचा तलाव मागे पडला आणि चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंनी बालाघाटाचे डोंगर आणि डोंगरभर सीताफळाची झाडं. कुणी न लावता आलेली, दगडातून उगवलेली. काच खाली केली की गोडसर वास येतो. मी गाडी हळू केली, इतकं ते सुंदर होतं.

पुढे मन्मथ. वळण आलं तसा त्याने लांबूनच वेग घेतला, गाडी आत घातली आणि दुसऱ्यावर सरळ वर. मागचा धूर माझ्या काचेवर आला. वरून टपरीवरच्यांची आरोळी ऐकू आली.

मग मी. दुसरा गिअर, पाय पूर्ण खाली. आणि माझी गाडी विचारात पडली. आधी ही अशा वेळी हुंकार देऊन निघायची. आता धुरातला न दिसणारा विषारी वायू कमी व्हावा म्हणून इंजिनाचा श्वास आणि डिझेलची वेळ बदललीय, त्यामुळे खालच्या वेगात ती हात राखून जोर लावते. गाडी थरथरली. मी ब्रेक दाबला, पूर्ण थांबले, पहिला टाकला आणि सावकाश वळण चढले. वर हशा पिकला होता. मी उतरून सगळ्यांना चहा सांगितला. मानी बाई आहे मी, कान तापले होते.

"बघ ताई," मन्मथ म्हणाला, "म्हणून मी टाकत न्हाई. तुझी रिकाम्या रस्त्याला थांबली. माझ्या गाडीत पेशंट असतोय."

मी पुण्याहून त्याला पटवायला आले होते आणि त्याचंच म्हणणं खरं करून दाखवलं होतं.

तेवढ्यात सुवर्णा म्हणाली, "मन्मथकाका, एक बोलू का? राग धरू नका."

"बोल की."

"तुमची गाडी चढती, पर तुमी वळणाला लई जोरात घालता. दर बारीला पोटाला हिसका बसतोय. मी सीटला धरून बसती. आज ताईंची थांबली अन् हळूच चढली, मला कळलं बी न्हाई."

सुवर्णाच्या आईने तिला कोपराने ढोसलं. मन्मथचा चेहरा बघवत नव्हता. "मग इतके दिवस कावून बोलली न्हाईस?"

उत्तर आत्याने दिलं. "कसं बोलल ती? फुकट नेतोस, रातंदिवस धावतोस. तुला कोण बोलणार बे? मी तुझी आई हाय, माझं बी डोकं दर खेपी दारावर आपटतंय."

मन्मथने चहा अर्धा ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. दवाखान्यात सुवर्णाची तपासणी नीट झाली. नंतर आम्ही धारूरचा किल्ला बघितला. तो जरूर बघा, एका बाजूला खोल दरी आणि आत पाण्याची प्रचंड टाकी, पायात बूट हवेत. पण मन्मथ किल्ल्यावर आलाच नाही, आणि उतरताना घाटात त्याची गाडी माझ्या पुढे इतकी हळू चालली होती की मला हॉर्न वाजवायचीही लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून दारात उभा. "दाजी, ताई, चला बीडला. टाकून घेऊ."

आता मीच मागे सरले. थांबलेली गाडी माझी होती. उद्या खरोखर अडली तर? मी म्हणाले, "नीट विचार कर." तर म्हणाला, "रातभर तेच केलं."

बीडच्या वर्कशॉपमधल्या शेखभाईंनी लॅपटॉपची वायर डॅशबोर्डखाली जोडली. मी त्यांना प्रश्न विचारून भंडावलं. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, आमी वायर लावतो, पट्टी भरत जाती ती बघतो. आत काय बदललं ते कंपनीलाच मालूम. पर एक सांगतो, जुन्या पद्धतीनं चालवू नका. इंजिन जरा फिरतं ठेवा, चढाला गिअर लवकर पाडा. गिअर पाडला म्हणजे काय इज्जत जात न्हाई."

"आमच्या घाटात जाती," मन्मथ म्हणाला. शेखभाईंना कळलं नाही, आम्ही तिघं मात्र पोट धरून हसलो. कालपासून तो पहिल्यांदाच हसला होता.

काम होईपर्यंत माझ्या गाडीतून नारायणगडाला जाऊन आलो. गडावर गर्दी नव्हती, वारा भरपूर, खाली शेतांचे चौकोन. मन्मथ बराच वेळ हात जोडून उभा होता. काय मागितलं, विचारलं नाही.

परत येताना तो त्याच्या गाडीत आणि मी मागे. बीड ते तेलगाव रस्ता सपाटच, आणि वस्ती घाटाच्या अलीकडे. म्हणजे नवं सॉफ्टवेअर घाटात कसं वागतं हे न बघताच मला दुसऱ्या दिवशी पुण्याला निघावं लागलं. निघताना आत्याने सीताफळांची पाटी दिली आणि मन्मथ म्हणाला, "पिकअप मेलं ताई. तू म्हणलीस तशीच झाली." तक्रार होती की नाही, मला कळेना.

आता हिशेब मांडायचा तर असा. अपडेट टाकावं का? टाका. गाडी पूर्वीसारखी राहत नाही, हे मात्र गृहीत धरा. काही महिने चिडाल, मग पाय आपोआप शिकतो. बीड जिल्हा बघावा का? एवढ्या मोकळ्या मनाची माणसं आणि एवढा न मिरवलेला निसर्ग मी फार कमी ठिकाणी पाहिलाय. सीताफळं तिसऱ्या दिवशी पिकली आणि आमच्या मजल्यावर त्यांच्यावरून भांडणं झाली. पण मला खरी झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच कारणाने. सुवर्णाचे दिवस भरत आले होते. रोज वाटायचं फोन करावा, आणि करायचा धीर होत नव्हता.

एका दुपारी त्याचाच आला.

"सुवर्णाला मुलगी झाली. अंबाजोगाईला. दोघी बऱ्या हायत."

"तू नेलंस? घाटातून?"

"मग कोण नेणार?"

"वळणाला काय केलंस? पहिला टाकलास का दुसरा?"



"ध्यानात न्हाई ताई," मन्मथ म्हणाला. "मी आरशात तिच्याकडंच बघत गेलतो. वर पोचल्यावर इचारलं, पोरी, लई दुखलं का? तर म्हणली, कळांनी दुखलं तेवढंच, काका. गाडीनं न्हाई."