पाटीखालचे साहेब

सिंगापुरातल्या आमच्या विद्यापीठात एक पुण्याचे अधिकारी आहेत. मराठी माणूस दिसला की ते आधी हरखतात आणि मग चौकशीला लागतात. "नुसतं नाव नको हो, पूर्ण सांगा. मूळचे कुठले? तिथले म्हणजे नक्की कुठले?" आडनावावरून जातीचा अंदाज आला की "अच्छा, अच्छा," असं दोनदा म्हणतात. पहिला अच्छा कळल्याचा, दुसरा दोन पावलं मागे सरकल्याचा. मला दोन्ही सात वर्षांपूर्वी क्लेमेंटीच्या बसस्टॉपवर मिळाले. त्यांच्या घरच्या गणपतीचं आमंत्रण मात्र अजून यायचंय.

कॅम्पसवर एकट्या पडणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित खोली काढायचं ठरलं, तेव्हा ते काम नेमकं यांच्याकडे आलं. त्यांनी हौसेनं बीनबॅग आणल्या, भिंती पोपटी करून घेतल्या आणि दारावर इंग्रजीत पाटी लावली: 'तुम्ही कोण, हे इथे कुणी विचारणार नाही.'

पहिल्याच दिवशी लातूरहून पीएचडीला आलेली एक मुलगी दारात आली. मी आत चहा घेत होतो. साहेब पाटीखालीच उभे होते.

"मराठी का? वा! पूर्ण नाव काय गं?"

तिनं सांगितलं.

"अच्छा, अच्छा. ये, बस. अजिबात संकोच करू नकोस. ही खोली तुमच्याच लोकांसाठी आहे."

"आणि तुमच्या लोकांसाठी कुठली, सर?" तिनं शांतपणे विचारलं.

साहेब मनापासून हसले. "आम्हाला कशाला वेगळी खोली? आम्हाला सगळीकडे सुरक्षितच वाटतं!"