वरण शिजलं, भात राहिला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गोबरगॅसच्या अनुदानाच्या कागदांवर सह्या झाल्या. रक्कम दोन लाख सोळा हजार रुपये. गावाचा लोकवाटा चोवीस हजार, तो वेगळा आणि आधीच जमलेला. हजर होते मुख्याध्यापक, सरपंचबाई, अनुदान देणाऱ्या संस्थेच्या इंजिनिअर बाई, काम घेतलेला गवंडी, आणि गावच्या गोबरगॅस समितीत लोकवाट्याचा हिशोब ठेवणारा म्हणून मी. माझी बायकोही तिथंच होती, पण भिंतीपलीकडे, शाळेच्या स्वयंपाकखोलीत. पोरांचं दुपारचं जेवण ती शिजवते. आम्ही सह्या करत होतो तेव्हा मधूनमधून तिचा खोकला ऐकू यायचा आणि इंजिनिअर बाई पेन थांबवून भिंतीकडे बघायच्या.

"ह्यांच्यासाठीच हाय समदं," सरपंचबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "सगळं गाव दादाच्या बायकोसाठी शेण गोळा करायलंय!"

सगळे हसले. मीही हसलो, कारण ते निम्मं खरं होतं.

शाळेत सिलिंडर होता. पण तो संपला की दुसरा येईपर्यंत चूल पेटायची, आणि वर्षाचा हिशोब मांडला तर चुलीचेच दिवस जास्त निघायचे. परभणीच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर पुढं चालताना दम लागेल. मी तिला काम सोडायला सांगितलं. ती नाही म्हणाली.

त्याचं कारण मला माहीत होतं. आमचं घर बौद्ध. ती कामाला लागली त्या वर्षी काही पोरं घरून डबा आणायची आणि लांब, पिंपळाखाली बसून खायची. तिनं कुणाला काही विचारलं नाही. तांदूळ मात्र रोज सगळ्या पटाचा टाकायची, आणि त्या पोरांच्या वाट्याचा भात रोज उरायचा. मुख्याध्यापक म्हणाले, कमी टाका. ती म्हणाली, आज जेवतील. पुढच्या वर्षी एक मुलगी ताट घेऊन ओळीत येऊन बसली. मग हळूहळू बाकीची आली. आता त्या घरांतली पोरं बाजारात दिसली तरी लांबून "मावशी" म्हणून हाक मारतात.

"हे सोडून घरी बसू म्हणता?" तिनं मला विचारलं होतं. मी परत तो विषय काढला नाही. धूर काढायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

इंजिनिअर बाईंचं गणित सोपं होतं. शाळेचा स्वयंपाक निघायला रोज अडीचशे किलो शेण लागणार, म्हणजे पंचवीसेक मोठी जनावरं. गावात किती आहेत ते मोजून द्या, म्हणाल्या. घरोघर फिरण्यापेक्षा पोळ्याला मोजू असं आम्ही ठरवलं. त्या संध्याकाळी गावातला प्रत्येक बैल मारुतीच्या देवळापुढं तोरणाखालून जातो. मुख्याध्यापक आणि मी पारावर उभे राहिलो. चौऱ्याऐंशी बैल. गाई-म्हशी धरल्याही नाहीत. बाई खूश झाल्या.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं आणि बैलही गाड्यांना जुंपून बरोबर जातात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण शिंगं रंगवलेला, अंगावर झूल घातलेला बैल समोर उभा असताना तो दोन महिन्यांनी गंगाखेडच्याही पलीकडे उसाची गाडी ओढत असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. पोळ्याला ते येतच नाही.

दसऱ्याला गोबरगॅसचा घुमट पुरा झाला. पहिल्या भरणीला गाड्याच्या गाड्या शेण आलं. काही दिवसांनी शेगडी पेटली. ज्योत निळी, धूर नाही. बायको पुढं वाकली आणि सवयीनं फुंकणी उचलली.

"मावशी, फुकू नका, इझंल!" खिडकीतून पोरं ओरडली.

ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. दिवाळीपर्यंत तिचा खोकला जवळपास थांबला होता.

मग गाड्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर जवळपास सगळे बैल. मागं राहिलेल्या थोड्या गाई-म्हशींचं शेण पुरेना. आठवडाभरात ज्योत बसायला लागली, त्यात थंडी पडली. गॅसवर वरण शिजायचं आणि भात राहायचा. बायको मला काही बोलली नाही. एका संध्याकाळी ती शेजारून गेली तेव्हा तिच्या लुगड्याला धुराचा वास आला. मी विचारलं तर म्हणाली, "भाताचं घटकाभराचं काम असतं हो. त्यानं काय व्हतं?" आणि बोलता बोलता खोकली.

शेवटचा हप्ता छत्तीस हजारांचा होता. अट अशी की महिनाभर सगळा स्वयंपाक गॅसवर झाला पाहिजे आणि तसं समितीनं लिहून दिलं पाहिजे. त्यातले बावीस हजार गवंड्याच्या मजुरीचे होते, चौदा हजार पाइपच्या दुकानाचे. गवंडी दारात येऊन बसला.

"लिहून टाका की दादा, चालतंय म्हणून. वरण तर शिजायलंय."

"आणि भात?"

"भाताचं कोण पुसायलंय?"

त्याची मागणी चुकीची नव्हती. त्याचं काम पक्कं होतं, घुमटाला एक चीर नव्हती. बैल गेले त्यात त्याचा काय दोष? मी त्याला चहा दिला आणि बायकोला विचारलं.

ती म्हणाली, "मी चुलीवर भात करते ते समद्या पोरांनी बघितलंय. उद्या बाईंनी एखाद्या पोराला विचारलं तर त्यानं काय सांगायचं? मावशीसाठी खोटं बोलायचं का त्यानं? त्यापरीस माझी चूल बरी."

मी त्याच दिवशी इंजिनिअर बाईंना फोन करून सगळं सांगितलं. पोळ्याची मोजणी, ऊसतोड, भात. त्या म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी बैल मोजले, महिने नाही विचारले." दुसरी कुठली जनावरं आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मेंढ्या आहेत. लेंड्या रात्रभर भिजवून, तुडवून शेणात कालवल्या तर चालतात, असं त्यांनी सांगितलं.

गावच्या मेंढपाळ घरातली आक्का थंडीत मेंढ्या घेऊन गावाभोवतीच असते. ज्याच्या रानात मेंढ्या बसतात तो खताच्या बदल्यात तिला धान्य देतो. मी तिला शाळेमागच्या पडीक जागेत मेंढ्या बसवायला सांगितलं.

"लेंडीचा गॅस?" ती म्हणाली. "म्हंजी आता माझ्या मेंढरांनी तुमच्या बायकोचा भात शिजवायचा?"

"तुमचा नातू पण तोच भात खातो, आक्का."

"खातो की. घरी येऊन माझ्या भाताला नावं ठेवतो मेला." मग ती व्यवहारावर आली. "पर रानात बसवलं तर मला ज्वारी भेटती. शाळा काय देणार?"

शाळेकडं काही नव्हतं, अनुदानात त्याला जागा नव्हती. मी म्हणालो, ज्वारी मी देतो. नवी निघाली की दोन क्विंटल.

सरपंचबाईंना कळलं तेव्हा त्या तावातावानं घरी आल्या. "समितीत थोडे पैसे शिल्लक हायेत न्हवं? त्यातून द्या ना."

"नको. स्वयंपाक करणारी माझी बायको आहे. लोक म्हणतील, बायकोच्या सोयीला लोकवाटा वापरला."

"कोण म्हणल?"

"तुम्हीच म्हणालात की, सह्या करताना."

"आवो, ती मस्करी व्हती! लय कडू माणूस हाव बाबा तुमी." जाताना त्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, कसं काढता हो ह्यांच्यासंगं?"

"मीठ जरा जास्त टाकते," बायको म्हणाली.

लेंड्या भिजवायचं, तुडवायचं काम मी सकाळी कामावर जायच्या आधी करायचो. पाणी गार असायचं. पंधरवड्यानं ज्योत वर आली. एका दुपारी मी स्वयंपाकखोलीत डोकावलो तर दोन्ही शेगड्या चालू होत्या आणि चुलीवर पालथं घमेलं होतं. बायको भाताचं शीत बोटांनी दाबून बघत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "झाला."

मग पुरा महिना भरू दिला. लिहून देताना समितीनं तेही लिहिलं की ऊसतोडीच्या दिवसांत हा गॅस मेंढ्यांवर चालतो आणि मेंढ्या नसतील तर भात राहतो. संस्थेनं त्याला हरकत घेतली नाही.

होळीच्या आठवड्यात छत्तीस हजार जमा झाले. बावीस हजार गवंड्याला दिले, उशीर झाला म्हणून त्यानं मला चार शब्द ऐकवले ते ऐकून घेतले. चौदा हजार पाइपच्या दुकानाला. दोन क्विंटल ज्वारी आक्काला, आमच्या घरची. ती बायकोनं स्वतः मापून दिली. माप पुरं झाल्यावर तिनं दोन ओंजळी वरून टाकल्या, त्या मी हिशोबात धरलेल्या नाहीत.