इंटरनेट गेलं नव्हतं

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुठे बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, मित्रांजवळ नाही — आणि जिचा याच्याशी सगळ्यात जास्त संबंध, तिच्याजवळही नाही. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल. किंवा एकदा तोंड उघडल्यावर आता ते मिटवतच नाहीये, असंही असेल.

गोष्ट कोरोनाच्या वर्षातली. माझी मुलगी यशोधरा — घरात यशो — तेव्हा पहिलीत होती. आम्ही व्हर्जिनियात, ॲशबर्नला राहतो. इथे जिकडे बघावं तिकडे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती. जगाचं इंटरनेट आमच्या गावातून जातं, असं इथला प्रत्येक देसी माणूस पाहुण्यांना गाडीतून फिरवताना सांगतो. मीही सांगतो, आणि जरा जास्तच सांगतो, कारण मी नेटवर्कचंच काम करतो. त्यामुळे पोरीची शाळा घरात भरणार म्हटल्यावर मला — खोटं कशाला बोलू — आनंदच झाला. बायको, शिल्पा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिला रोज जावंच लागायचं. घरी मी. म्हणजे शाळा उभी करायचं काम माझं.

आणि काय उभी केली म्हणता! वरच्या मजल्यावरचा राउटर हॉलमध्ये आणला. वायफायचा भरवसा नको म्हणून भिंतीच्या कडेकडेने केबल टाकली. शाळेने दिलेला छोटा लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवला, म्हणजे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत येईल. तिच्या मुठीत मावेल असा माउस आणला. वीज गेली तरी काही वेळ सगळं चालू राहावं म्हणून बॅटरी बसवली. "शाळा आहे, रॉकेट नाही सोडायचंय," शिल्पा म्हणाली. मी ऐकतोय कसला? घरातलं इंटरनेट एक क्षणही जाणार नाही, अशी मी पैज लावली होती. कुणाशी? स्वतःशीच.

मग यशोला खुर्चीत बसवलं, कॅमेरा सुरू केला आणि स्क्रीनवर पाहिलं. तिच्या डोक्याच्या बरोबर वर, चौकटीच्या मधोमध, बाबासाहेबांचा फोटो.

तो फोटो माझ्या वडिलांनी दिलेला. मी नागपूर सोडलं तेव्हा त्यांनी तो दोन टॉवेलांत गुंडाळून माझ्या हातातल्या बॅगेत स्वतः ठेवला होता — सामानात टाकू नको, काच फुटेल म्हणाले. प्रत्येक भाड्याच्या घरात मी पहिला खिळा त्याच्यासाठी ठोकला. मग त्या दिवशी स्क्रीनवर तो पाहून मी कॅमेरा झटकन बंद का केला?

कारण यशोच्या वर्गात अर्णव होता. अर्णवचे वडील ऑफिसात माझे लीड, म्हणजे माझ्या वरचे. पुण्याचे, मनमोकळे, त्यांनी मला नोकरीत बरंच सांभाळून घेतलेलं. माझा व्हिसा त्या नोकरीवर. वर्ग सुरू असताना अर्णवची आई त्याच्या शेजारी बसते, हे मला माहीत होतं. आणि आणखी एक गोष्ट होती. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना कुणीतरी आरक्षणावरून विनोद केला. सगळे हसले. मीही हसलो. मूळ गाव विचारलं की मी "नागपूर" म्हणतो आणि तिथेच थांबतो. नावाने हाक मारतात, आडनावापर्यंत कुणी जात नाही. माझ्याबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. आता हा फोटो त्यांच्या घरातल्या स्क्रीनवर रोज सहा तास दिसणार होता.

मी काय केलं ऐका. रंगकामाची निळी चिकटपट्टी घेतली आणि कॅमेऱ्याला जेवढी भिंत दिसते तेवढा चौकोन भिंतीवर आखला. फार शास्त्रशुद्ध! मागचं दृश्य धूसर करायची सोय शाळेने त्या लॅपटॉपवर बंद ठेवली होती. टेबल फिरवून पाहिलं, तर मागे खिडकी येऊन पोरीचा चेहरा काळा दिसायला लागला. उरला फोटो. तो मी खिळ्यावरून काढला आणि कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, स्वेटरांच्या मागे ठेवला. त्याच खिळ्याला जगाचा नकाशा अडकवला. चौकोनात कोपऱ्यात बुद्धाची मूर्तीही येत होती. ती राहू दिली. अमेरिकेत बुद्ध कुणाच्याही दिवाणखान्यात असतो, योगा करणाऱ्या गोऱ्या बायकांच्याही. त्याच्यावरून कुणी काही ओळखत नाही.

शिल्पाला सांगितलं, काचेवर उजेड पडून कॅमेऱ्यात चमक येते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. यशोलाही तेच सांगितलं. वडिलांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांच्या लगेच लक्षात आलं. "फोटो काऊन दिसून नाही राहिला बे?" मी म्हणालो, फ्रेम सैल झाली होती, दुरुस्तीला दिलीय. लॉकडाऊनमध्ये कुठलं दुकान उघडं होतं हो? त्यांनी विचारलं नाही.

पण इथवरचं मी कधीतरी कुणाला सांगूही शकलो असतो. आमच्यातल्या पुष्कळांनी असा एखादा फोटो आतल्या खोलीत हलवलेला आहे. दोन पेले झाल्यावर एकमेकांजवळ कबूलही करतात. मला सांगायचंय ते हे नाही. त्याच्याभोवती फिरतोय मी अजून. सांगतो.

यशोच्या टीचरने एके दिवशी वर्गात घरातली सगळ्यात खास वस्तू दाखवायला सांगितली होती. मी यशोसाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढून ठेवला. नागपूरला आमच्याकडे पोरं तो सजवून दारोदार नेतात. वडिलांनी तिच्या पहिल्या वाढदिवसाला पाठवलेला. चार वाक्यं इंग्रजीत पाठ करून घेतली. मी तिच्या शेजारी बसलो, कॅमेऱ्याच्या चौकोनाबाहेर. माउस माझ्या हातात.

तिची पाळी आली. तिने बैल वर धरला, मग पुन्हा खाली ठेवला. म्हणाली, "ॲक्चुअली, माय मोस्ट स्पेशल थिंग इज नॉट हिअर. इट्स अ फोटो. माय बाबा पुट इट इन द क्लॉझेट, बिकॉज—"

मी माउस दाबला. तिचा माइक बंद केला.

तिला ते कळलं नाही असं मला वाटलं. ती बोलतच राहिली. तिच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलेली गोष्ट ती सांगत होती — तो फोटोतला मुलगा शाळेत जायचा, पण त्याला वर्गात सगळ्यांपासून लांब, घरून आणलेल्या पोत्यावर बसावं लागायचं. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. हातवारे करून सांगत होती, पोतं केवढं ते दोन्ही हात पसरून दाखवत होती. स्क्रीनवर वीस लहान चेहरे तिच्याकडे बघत होते आणि त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता. टीचर कानाला हात लावून खुणा करत होती. अर्णवच्या मागे त्याच्या आईची बाही दिसत होती. मी हलू शकलो असतो. एक बोट उचलायचं होतं. पण ती संपेपर्यंत मी तसाच बसलो. मग माइक सुरू केला, आणि टीचर म्हणाली, आम्हाला तुझा आवाज आला नाही, पुन्हा सांगतेस का? यशोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इंटरनेट गेलं होतं, बेटा. बैल दाखव."

तिने बैल दाखवला. चारही वाक्यं म्हटली, एकही न चुकता.

त्या घरातलं इंटरनेट वर्षभरात एकदाही गेलं नाही. पैज मी जिंकलो.

नंतर शाळा उघडली. चिकटपट्टी सोलून काढली, केबल गुंडाळली. फोटो कपाटातून बाहेर आला — आणि बेडरूममध्ये गेला. हॉलमध्ये नकाशाच राहिला. का राहिला, मला विचारू नका. उत्तर आहे, पण तुम्हालाही ते ठाऊक आहे. मागल्या उन्हाळ्यात वडील आले. रोज सकाळी आंघोळ झाली की आमच्या बेडरूमच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "येऊ का आत?" फोटोपुढे हात जोडून परत जायचे. दोन महिने, रोज. मुलाच्या घरात त्यांना त्यासाठी परवानगी मागावी लागत होती. ते एकदाही काही बोलले नाहीत, आणि मी "येऊ का काय विचारता, या ना" म्हणून मोकळा व्हायचो.

गेल्या आठवड्यात बर्फ पडला. शाळा बंद, वर्ग घरून. यशो आता बारा वर्षांची आहे, माझ्या मदतीची तिला गरज नाही. तिने टेबलावर आपला लॅपटॉप मांडला, कॅमेरा उघडला, आणि वर्गात शिरायच्या आधी स्क्रीनवर स्वतःच्या मागची भिंत नीट पाहिली. खुर्ची थोडी डावीकडे घेतली. पुन्हा पाहिलं. मी कॉफी घेऊन उभा होतो. "काय बघतेस गं?" म्हटलं. "नथिंग. मागे काही विअर्ड दिसत नाही ना, ते बघतेय."

काही नव्हतंच हो मागे. जगाचा नकाशा होता. ती तरीही बघत होती. माझ्याकडून शिकली होती.

तिथेच, उभ्या उभ्या, मी सांगून टाकलं. कसं सुरू केलं आठवत नाही. तू पहिलीत होतीस, तो बैल आठवतो का, त्या दिवशी इंटरनेट गेलं नव्हतं, मी तुझा माइक बंद केला होता — असं काहीतरी, एका दमात. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "आय नो, बाबा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माइकवर लाल रेघ आली होती. मला दिसलं होतं." मग मराठीत, "मला वाटलं, मी काहीतरी वाईट बोलले."

सहा वर्षांची होती ती. लाल रेघ बघितली आणि तरी बोलत राहिली — कुणाला ऐकू जात नाहीये हे माहीत असून, पोतं केवढं ते हात पसरून दाखवत राहिली. नंतर कुठल्याच वर्गात तिने त्या फोटोचं नाव काढलं नाही. मला वाटत होतं, पोरगी विसरली.

मी म्हणालो, तू वाईट बोलली नव्हतीस. मी घाबरलो होतो. अर्णवचे आईबाबा काय म्हणतील म्हणून. ती म्हणाली, "ओके." तिचा वर्ग सुरू झाला.

त्याच दुपारी नकाशा उतरवला. खिळा तोच होता. फोटो लावला, दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का पाहिलं, आणि सोफ्यावर बसलो तो बसल्या जागी झोपलो — भर दुपारी, कामाचे दोन कॉल चुकवून. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. शिल्पा कामावरून आली, तिलाही सगळं सांगितलं. ती माझ्याशी रात्रीचं जेवण होईपर्यंत बोलली नाही. ते बरोबरच होतं. नागपूरला सकाळ झाल्यावर वडिलांना फोन केला. दुकान वगैरे काही नव्हतं, फ्रेम सैल नव्हती, मी लपवला होता म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता कुठी लावला?"

"हॉलमध्ये."

"बरं," म्हणाले. आणि तिकडचं ऊन काय म्हणतंय ते सांगायला लागले.

येत्या शनिवारी अर्णवचे आईवडील चहाला येणार आहेत. भीती गेलीय असं नाही. पण फोटो जागेवर आहे, आणि मला हलकं वाटतंय. इतकं हलकं वाटण्याचा मला हक्क आहे का, ते माहीत नाही, वाटतंय खरं. तुम्ही ऐकलंत. आणखी काही नको.

यशोधरा सहा वर्षांची होती. ती वर्गात बोलत होती. इंटरनेट गेलं नव्हतं. माइक मी बंद केला होता.