शाफ्टमध्ये कोंडलेली गरम हवा

चामराजपेटचे बाबूअण्णा नसते तर मी बेंगळुरूत टिकलो नसतो, हे आधी लिहून टाकतो. तीन पिढ्या इथंच असलेलं मराठी घर, एसीच्या कामात केस पिकलेले. मी निपाणीकडचा, नववीत शाळा सोडलेला, त्यांच्याच कंपनीत नवा मेकॅनिक.

एचएसआर लेआउटमधल्या एका ऑफिसची तिसरी कंप्लेंट होती. चौथ्या मजल्यावरचा एसी रोज दुपारी बंद पडायचा. दोनदा मीच गॅस भरून आलो होतो. सुपरवायझर म्हणाला, “अजून एक कंप्लेंट आली तर गावची बस पकड.” घरी तर मी नोकरी पक्की झाली म्हणून सांगून बसलेलो.

ऑफिसच्या मॅडम पुण्याच्या. “दादा, परत गॅसच का? मग सिलिंडर इथंच ठेवून जा ना!”

मी अण्णांना फोन लावला. सुट्टी असूनही आले. मी गॅसचं प्रेशर मोजायचं गेज लावायला लागलो, तर म्हणाले, “स्वल्प थांब रे. आधी हवा कुठं जाते बघू.” मॅडमकडून एक उदबत्ती मागून घेतली.

एसीचं आउटडोर युनिट म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा डबा. इथं चार मजल्यांचे चार डबे एका अरुंद शाफ्टमध्ये, म्हणजे भिंतींमधल्या उभ्या पोकळीत, एकावर एक. अण्णांनी खिडकीतून उदबत्ती बाहेर धरली. धूर वर गेला, अडला, आणि वळून आमच्याच डब्याच्या मागच्या जाळीत शिरला.

“गरम हवा हलकी, वर चढते. तिला वाट नाही. खालच्या तिघांची गरमी हा एकटा पितोय.”

वर बघितलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून कुणीतरी शाफ्टचं तोंड प्लास्टिकच्या पत्र्यानं बंद केलेलं. दुपारी चारही एसी चालू झाले की वरचा तापून ट्रिप व्हायचा, आपोआप बंद पडायचा. त्यात मी जास्तीचा गॅस भरून प्रेशर वाढवलेलं.

पत्रा काढून जाळी बसवली. जादा गॅस काढला. दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. एसी चालूच.

सुपरवायझरनं अण्णांना फोनवर विचारलं, फॉल्ट कुणी पकडला? अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरानंच पकडला. मी नुसता चहा प्यायला आलतो.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. पिशवीतून गेज काढण्याआधी मान वर करून बघायचं, एवढं मी शिकलो. अण्णा रिटायर होऊन माडीवरच्या तापणाऱ्या खोलीत राहतात. एसीचं नाव काढलं की म्हणतात, “मला सर्दी होते.” होऊ दे. एक दिवस न विचारता बसवणार आहे. आउटडोर युनिट उघड्या गच्चीवर.