घर शांत झालं तेव्हा

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीट कळत नाही.

आमचे हे हिंगण्याच्या एका कंपनीत होते. घर हुडकेश्वरला. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि आवाज असा की गल्लीभर ऐकू जायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. गाडीचा आवाज आला की मुलगी पुस्तक उचलून आतल्या खोलीत पळायची.

मग एका दिवाळीत त्यांना चिवडा झोंबायला लागला. गालाच्या आत पांढरा चट्टा. हळूहळू तोंड पुरतं उघडेना. बोलणं कमी झालं, ओरडणं तर बंदच. मी वरण-भात कुस्करून द्यायचे, ते मुकाट्यानं खायचे. मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसू लागली. लग्नानंतर इतक्या शांतपणे मी कधी जेवलेच नव्हते — हे सुख होतं का? असेलही.

संक्रांतीच्या सुमारास त्यांनीच विचारलं, "दाखवू का वं डॉक्टरले?"

चट्टा आता लाल झाला होता, बोट लागलं की रक्त यायचं. दवाखान्याच्या भिंतीवर तोंडाच्या कॅन्सरचं तसलंच चित्र मी पाहिलं होतं. तरी म्हणाले, "उष्णता असन. तूप लावा, बरं होऊन जाईन."

आणि त्यांनी माझं ऐकलं. पहिल्यांदाच.

होळीनंतर गालावर बाहेरून गाठ दिसली, तेव्हा गेलो. तुकडा तपासायला पाठवला. ऑपरेशन ठरलं, अर्धा जबडा काढायचा होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "इतके महिने का थांबलात? आधी आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं."

तेच कसेबसे बोलले, "हिनं लय म्हटलं. मीच नाही ऐकलं."

आणि मी — मी मान हलवली.

ते विसरले होते? की मला वाचवत होते? ते अजून आहेत, पण त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला समजत नाही. पाहुण्यांना ते सांगतात, बायकोनं फार केलं माझं. ते पाहुण्यांना समजावून सांगायचं कामही माझंच. मी सांगते.

त्यांना कधी विचारलं नाही. त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं — नव्हतंच ना? पण ते ओरडणं परत नको होतं. आणि दाखवायला उशीर झाला तर काय होऊ शकतं, हे तूप लावा म्हणताना मला माहीत होतं.