मास्तर व्हायला लागणारी कागदपत्रं

कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या टेबलावर ज्यानं एक जून काढला, त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते अर्जाला टाचूनच येतात. मी तर सात जून काढले! स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. कोल्हापुरातल्या एका सायन्स कॉलेजात मी फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. जूनमध्ये लॅब बंद, म्हणून मला हेडक्लार्क अण्णांच्या शेजारी बसवत.

रस्त्यापलीकडे बी.टी.चं कॉलेज होतं, पदवीधराला वर्षभरात शिक्षक करून देणारं. आमच्याकडे शिरायला गणितात मार्क लागत, तिकडे शिरायला कागद लागत. दोन्हींत जास्त मूर्खपणा कुठे, यावर अण्णांचं नि माझं कधीच एकमत झालं नाही.

*

एकदा खेड्यावरचे एक पावणं आले. मंगळवार पेठेत बहिणीकडे उतरलेले, हातात मुलाचा एस.एस.सी.चा निकाल. दोन्ही कॉलेजांची माहितीपत्रकं त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"बी.एस्सी.ला किती वर्सं?"

"चार," अण्णा म्हणाले.

"अन् त्या समोरच्याला?"

"बी.एस्सी. झाल्यावर एक."

पावण्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे सायन्स शिकायला चार वर्सं, अन् ते दुसऱ्याला शिकवायला एकच? मग त्या एका वर्सात शिकिवत्यात तरी काय?"

अण्णांनी शांतपणे चष्मा पुसला. "फळा कसा पुसायचा, ते!"

*

समोरच्यांना हसता हसता आमचीही एके वर्षी शोभा झाली. आमचं कॉलेज जुन्या विद्यापीठातून काढून नव्या विद्यापीठाला जोडलं. लगेच फतवा निघाला: जे जुन्या विद्यापीठातून इंटर झालेत, त्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, आणल्याशिवाय पुढच्या वर्गात प्रवेश नाही.

पोरं आमचीच, इमारत तीच, बाकंसुद्धा तीच. तरी पोरं व्हरांड्यात उभी! एकानं शेवटी थेट प्रिन्सिपॉलसाहेबांना गाठलं.

"सर, तुमची पदवी कुठल्या विद्यापीठाची?"

"जुन्याच."

"मग तुम्ही दिलंय का मायग्रेशन?"

त्याला ताबडतोब वर्गात बसवण्यात आलं. बाकीचे दिवाळीपर्यंत उभेच राहिले.

*

आता चौगुले मास्तर. मलकापूरकडच्या एका शाळेत बारा वर्षं सायन्स शिकवत होते. आमचेच बी.एस्सी. त्यांच्या हाताखालून आलेलं पोर मी लॅबमध्ये पहिल्याच दिवशी ओळखायचो, कारण ते प्रयोग पाठ न करता प्रयोगाकडे बघायचं. पण मास्तरांकडे बी.टी. नव्हती. शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरनं शेरा मारला: तीन वर्षांत बी.टी.ला प्रवेश घ्या, नाहीतर जागा सोडा.

पहिल्या वर्षी त्यांचा अर्ज परत आला. चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना होता.

"बारा वर्सं टिकलेलं चारित्र्य सा म्हैन्यात शिळं झालं की हो!" मास्तर आमच्या टेबलाशी येऊन म्हणाले. ते हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

*

दुसऱ्या वर्षी ताजं चारित्र्य घेऊन ते मुलाखतीपर्यंत पोचले. समोरच्या कॉलेजचे प्राचार्य तत्त्वज्ञानाचे एम.ए. मुलांच्या वर्गावर एक दिवसही न गेलेले. त्यांनी विचारलं, "बालकाचं मन म्हणजे काय?"

"वर्गात उभं ऱ्हायलं की कळतंय, सायेब. असं खुर्चीत बसून न्हाय कळत."

शेरा पडला: 'सैद्धांतिक बाजू कच्ची.' सायन्सच्या पदवीधरासाठी ठेवलेल्या त्या जागेवर प्राचार्यांचा भाचा गेला. तो संस्कृतचा बी.ए.!

*

हा भाचा पुढे सरावाच्या पाठासाठी आमच्या लॅबमध्ये सामान मागायला आला.

"एक चुंबक हवा होता. पण एकाच टोकाचा द्या."

मला वाटलं, थट्टा करतोय. "एकाच टोकाचा?"

"हो ना. उत्तर आणि दक्षिण दोन्ही असली की मुलं गोंधळतात."

तो पहिल्या वर्गात पास झाला. पुढे त्याला शिक्षण खात्यात घेतलं, हे ऐकून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

*

तिसरं वर्ष म्हणजे मास्तरांची शेवटची संधी. नेमकी त्याच जूनमध्ये समोरच्या कॉलेजची तपासणी करायला विद्यापीठाची कमिटी येणार होती. कमिटीला सायन्सचा एक आदर्श पाठ दाखवायचा होता, आणि सगळ्या कॉलेजात तो घेणारा एकही माणूस सापडेना! शेवटी प्राचार्यांनी कुणाला बोलवावं? चौगुले मास्तरांना!

प्रयोगाचा ग्लास आमच्या लॅबमधला, म्हणून मीही गेलो होतो. शेजारच्या शाळेतली तीस पोरं, मागच्या खुर्च्यांवर कमिटी, आणि मास्तरांना अगदी खेटून प्राचार्य. मास्तरांनी ग्लास काठोकाठ भरला, वर पोस्टकार्ड ठेवलं, ग्लास पालथा केला आणि कार्डावरचा हात काढला. पाणी जागच्या जागी! पोरं बाकांवर चढली. कमिटीचे अध्यक्ष उठून पुढे आले.

"वा! हे शिक्षक तुमच्याकडेच तयार झाले का?"

"आमचेच!" प्राचार्य म्हणाले.

मास्तरांच्या उजव्या हातात पालथा ग्लास तसाच होता. डाव्या हातानं त्यांनी खिशातला अर्ज काढून प्राचार्यांपुढे धरला.

"आमचेच म्हणालासा न्हवं, सायेब? मग तेवढी सही करा की."

प्राचार्यांनी अर्ज घेतला. अध्यक्षांच्या देखत पुढून वाचला, मागून वाचला, आणि म्हणाले, "गुणपत्रकाची खरी प्रत जोडलेली नाही."

मास्तर ग्लास उंच धरून पोरांकडे वळले. ग्लास आता बरोबर प्राचार्यांच्या डोक्यावर होता.

"पोरांनो, आता आत हवा सोडूया का?"

"व्हय!" तीस पोरं एकदम ओरडली.

मास्तरांनी कार्ड काढलं.