आत्याचा निळा रुमाल

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलीची वेणी घालत होते. ती पाठमोरी, ताठ बसलेली. फोन ठेवला, वेणी पुरी केली आणि तिच्या पाठीवर हात टेकवून बसून राहिले...

आत्या वाघोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. खडकीहून स्कूटरवर जायची आणि तिच्या पर्समध्ये कायम तीन रुमाल असायचे, निळा, लाल आणि पिवळा. गर्भाचे पहिले तीन थर ती त्यांवरच शिकवायची. एक्टोडर्म, मेसोडर्म, एंडोडर्म. "डर्म म्हणजे ग्रीकमध्ये कातडी. बाहेरची, मधली, आतली. कोंबडीच्या अंड्यात पातळ पापुद्रे दिसले, म्हणून कातडी म्हणून मोकळे झाले. मधलीतून तर हृदय निघतं, पण नाव कातडीच!" मेंदू मात्र बाहेरच्या, निळ्या थरातून. मेंदू आणि कातडी सख्खी भावंडं, असं ती घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायची.

या मुलीच्या वेळी मला पाचवा महिना होता. सोनोग्राफीत डॉक्टरांनी सांगितलं, बाळाच्या कण्याचा खालचा भाग उघडा वाटतोय, मोठ्या सेंटरवर पुन्हा बघू. नवरा परगावी, म्हणून आत्या सोबत आली. बाकावर बसताच तिने निळा रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि दोन्ही कडा उचलून एकमेकींकडे आणू लागली. "ही अशी नळी होते. तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू. कडा जुळल्या की पाठ मिटली."

"आणि नाही जुळल्या तर?"

"तर उघडी राहते."

माझा संताप झाला. "आत्या, इथे वर्ग भरवू नकोस. सगळं ठीक होईल, एवढं म्हणता येत नाही का तुला?"

"मला माहीत नाही, तर कसं म्हणू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "ही घडी पहिल्याच महिन्यात पडते, तुला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. तुझ्या हातात काहीच नव्हतं. आपण फक्त बघायला आलोय."

तिची बोटं मात्र थांबेनात. कडा जवळ आणायची, टेकायच्या आत सोडून द्यायची... पुन्हा जवळ आणायची. तेव्हा कळलं, ही माझ्याइतकीच घाबरली आहे. मला आत बोलावलं. पोटावर लावलेलं जेल गार होतं. डॉक्टर यंत्र फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पाठ पूर्ण बंद आहे. मागच्या वेळी बाळ आडवं होतं."

बाहेर येऊन सांगितलं, तर आत्या म्हणाली, "चला, रिक्षा बघ."

पुढे ती वर्गात निळी ओढणी वापरायला लागली. विचारलं तर रुमाल हरवला म्हणायची.

पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर मी आणि मुलगी तिचं कपाट आवरायला गेलो. लाल आणि पिवळा रुमाल घडी करून ठेवलेले होते. निळा त्यांच्याखाली निघाला. दोन्ही कडा एकमेकींना जुळवून बारीक टाक्यांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून टाकलेल्या. मुलीने त्यातून हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि विचारलं, "हे काय आहे गं, आई?"

"ही तुझी पाठ," मी म्हणाले.